विमान वाहतूक सुरक्षा परीक्षण : दोषनिष्कर्ष व निरीक्षण

विमान कंपनी, विमानतळ, विमान-दुरुस्ती कर्मशाळा किंवा एखाद्या देशाची नियामक यंत्रणा यांचा कारभार ठरवून दिलेल्या नियमांनुसार चालतो की नाही, याची त्या कामाशी थेट संबंध नसलेल्या तज्ञांनी पुराव्यानिशी केलेली पद्धतशीर तपासणी म्हणजे सुरक्षा परीक्षण होय. या परीक्षणाच्या अहवालात मुख्यत्वे दोन प्रकारच्या नोंदी असतात. बंधनकारक नियमाची पूर्तता झालेली नाही, असे पुराव्याने सिद्ध झाले म्हणजे जी नोंद होते, तिला इंग्रजी व्यवहारात ‘फाइंडिंग’ म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘दोषनिष्कर्ष’ हा शब्द वापरला आहे. नियमभंग झालेला नाही, परंतु व्यवस्थेत एखादे वैगुण्य आहे, ते वाढल्यास पुढे नियमभंग किंवा धोका संभवतो, किंवा इष्ट म्हणून सुचविलेली पद्धत पाळली जात नाही, अशा स्वरूपाच्या नोंदीला ‘ऑब्झर्व्हेशन’ किंवा निरीक्षण म्हणतात. दोषनिष्कर्षाला ठरलेल्या मुदतीत उत्तर देणे व दुरुस्ती करणे परीक्षित संस्थेवर बंधनकारक असते. निरीक्षणाचा तिने विचार करावा, एवढीच अपेक्षा असते.

हा भेद वरवर पाहता केवळ कार्यालयीन वाटतो. तथापि सुरक्षा परीक्षणाचे सर्व सामर्थ्य त्यावरच अवलंबून असते. दोष किती मोठा आहे, यावरून हा भेद ठरत नाही. त्या दोषाचे उत्तर देण्यास कोण व कशामुळे बांधलेला आहे, यावरून तो ठरतो. हे तत्त्व स्पष्ट होण्यास सु. साठ वर्षे लागली आणि ते दृष्टीआड झाले असता काय घडते, हे काही अपघातांच्या चौकशींतून दिसून आले.

परिभाषा : मराठीत या दोन संज्ञांचा घोटाळा होण्यास विशेष वाव आहे. ‘निरीक्षण’ हा शब्द पाहणे, तपासणे आणि पाहून काढलेले मत या तिन्ही अर्थांनी रूढ आहे. शाळेचे निरीक्षक निरीक्षण करतात, प्रयोगशाळेत विद्यार्थी निरीक्षणे टिपतो आणि न्यायालयही ‘निरीक्षण नोंदविते’. वृत्तपत्रांत तर परीक्षण-अहवालातील प्रत्येक नोंदीला सरसकट ‘त्रुटी’ म्हणण्याची प्रथा आहे. शासकीय हिशेबतपासणीशी परिचित असलेल्या वाचकास या भेदाची कल्पना अधिक सहज येईल. लेखापरीक्षकाने अर्धसमास पत्राद्वारे काढलेला आक्षेप आणि त्याने जाता जाता केलेली सूचना यांत जो फरक, तोच स्थूलमानाने येथे आहे. आक्षेपाचा निपटारा करावा लागतो. सूचना ऐकून घेतली जाते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. विमानाचे बोल्ट ठरावीक पिळाने आवळण्यासाठी टॉर्क रेंच वापरतात व त्याची अचूकता ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागते. मुदत संपलेल्या टॉर्क रेंचने विमानावर काम केल्याचे नोंदवहीवरून सिद्ध झाले, तर तो दोषनिष्कर्ष होय. मग त्या बोल्टाचा पीळ प्रत्यक्षात बरोबर असला तरी बिघडत नाही. याउलट सर्व हत्यारांची मुदत शिल्लक आहे, पण तपासलेली व तपासावयाची हत्यारे एकाच फळीवर शेजारी ठेवली आहेत आणि त्यांवरील क्रमांक पुसट झाले आहेत, असे आढळले व यासंबंधी नेमका नियम नसेल, तर ते निरीक्षण होय. पहिल्यात नियम मोडला आहे, दुसऱ्यात तो मोडण्याची वाट तयार झाली आहे. अपघाताच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी धोक्याची असेलच, असे मात्र नाही.

उगम : या भेदाची मुळे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारात आहेत. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे या करारावर सह्या झाल्या व तो ४ एप्रिल १९४७ रोजी अंमलात आला. कराराच्या ३७ व्या अनुच्छेदानुसार आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला (इकाओला) दोन प्रकारच्या तरतुदी करण्याचा अधिकार मिळाला : मानके आणि शिफारस केलेल्या पद्धती. ज्या तरतुदीचे एकसारखे पालन सुरक्षिततेसाठी वा सुरळीतपणासाठी आवश्यक मानले जाते, ते मानक. ज्या तरतुदीचे पालन इष्ट मानले जाते, ती शिफारस. मानकाचे पालन ज्या देशाला शक्य नसेल, त्याने ३८ व्या अनुच्छेदानुसार आपला फरक संघटनेला कळविला पाहिजे. हा फरक दुर्लक्षिला जाऊ नये म्हणून कराराच्या परिशिष्टांत मानके सरळ अक्षरांत व शिफारशी तिरप्या अक्षरांत छापल्या जातात. इंग्रजी मसुद्यात मानकासाठी ‘शॅल’ आणि शिफारशीसाठी ‘शुड’ हे सहायक क्रियापद वापरतात. मराठीत पहिल्याचा आशय ‘केलेच पाहिजे’ आणि दुसऱ्याचा ‘करावे’ असा होतो. दोषनिष्कर्ष आणि निरीक्षण यांची पुढील सर्व विभागणी बव्हंशी या दोन क्रियापदांवर उभी आहे.

पहिली परिशिष्टे १९४८ पासून स्वीकृत होऊ लागली. परंतु त्यांचे पालन कोणी तपासावयाचे, याची कराराने तजवीज केलेली नव्हती. प्रत्येक देश सार्वभौम असल्याने त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. जवळजवळ अर्धशतक ही स्थिती कायम राहिली.

गुणवत्ता-परीक्षणाचा वारसा : दरम्यानच्या काळात परीक्षणाची पद्धत कारखानदारीत विकसित झाली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८७ मध्ये गुणवत्ता-व्यवस्थापनाची ९००० मालिका प्रसिद्ध केली आणि त्या सुमारास परीक्षणाची परिभाषाही निश्चित करण्यात आली. त्या परिभाषेत ‘निरीक्षण’ या संज्ञेचा अर्थ आजच्यापेक्षा वेगळा होता. परीक्षणात आढळलेले व वस्तुनिष्ठ पुराव्याने सिद्ध झालेले कोणतेही तथ्य म्हणजे निरीक्षण. अशी निरीक्षणे गोळा झाल्यावर त्यांतून नियमाशी विसंगती कोठे आहे, हे मागाहून ठरवीत. म्हणजे निरीक्षण हा कच्चा माल होता. पुढे २००२ च्या परीक्षणविषयक मार्गदर्शक मानकात पुरावा, निकष आणि निष्कर्ष या तीन पायऱ्या वेगळ्या करण्यात आल्या : गोळा केलेला पुरावा निकषाशी ताडून पाहिला असता जे निष्पन्न होते, तो निष्कर्ष, आणि तो अनुकूल वा प्रतिकूल कोणताही असू शकतो.

यूरोपातील संयुक्त विमानचालन प्राधिकरणांनी दुरुस्ती कर्मशाळांसाठी केलेले नियम १९९२ साली अंमलात आले. त्यांबरोबर अंतर्गत गुणवत्ता-परीक्षण आणि उत्तरदायी व्यवस्थापक या संकल्पना विमान उद्योगात रुजल्या. मात्र कारखान्यातील शब्द विमान उद्योगात आले, तेव्हा त्यांचे जुने व नवे अर्थ एकत्रच आले. एकाच शब्दाने कोणी ‘मला दिसलेले तथ्य’ सुचवी, तर कोणी ‘किरकोळ दोष’. आजही अनेक संस्थांत निरीक्षण म्हणजे ‘लहान दोषनिष्कर्ष’ असा समज आढळतो, त्याचे मूळ या संक्रमणात आहे.

राष्ट्रांचे परीक्षण : २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ विमान इंधन संपल्याने न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर कोसळले व त्यातील १५८ जणांपैकी ७३ जण मृत्यू पावले. या अपघातानंतर परदेशी कंपन्यांवर त्यांच्या देशांची देखरेख कितपत आहे, असा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपस्थित झाला. तेथील फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने १९९२ मध्ये परराष्ट्रांच्या नियामक यंत्रणांचे मूल्यमापन सुरू केले. मूल्यमापन कंपनीचे नव्हे, तर नियामकाचे होते, ही त्यातील नवी गोष्ट. त्याचे फलित १९९४ पासून जाहीर होऊ लागले. इकाओची मानके पाळणारा देश पहिल्या श्रेणीत व न पाळणारा दुसऱ्या श्रेणीत, अशी आजची विभागणी आहे.

एका देशाने इतरांना तपासावे, हे अनेकांना रुचले नाही. त्यामुळे इकाओने १९९६ मध्ये स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. तो ऐच्छिक व गोपनीय होता. ज्यांची घडी व्यवस्थित आहे असे देश आपण होऊन तपासणी मागतात आणि ज्यांची नाही ते मागत नाहीत, ही ऐच्छिकतेची मर्यादा उघडच होती. १९९८ च्या महासभेने ठराव करून सार्वत्रिक सुरक्षा देखरेख परीक्षण कार्यक्रम स्थापन केला आणि १ जानेवारी १९९९ पासून तो सर्व सदस्य देशांना लागू झाला. प्रारंभी वैमानिक व इतर कर्मचाऱ्यांचे परवाने, विमानांचे परिचालन आणि उड्डाणयोग्यता या विषयांच्या तीनच परिशिष्टांपुरता तो मर्यादित होता. २००५ पासून सुरक्षेशी संबंधित सर्व सोळा परिशिष्टे त्यात अंतर्भूत झाली. २०१३ पासून ठरावीक वर्षांनी होणाऱ्या परीक्षणाऐवजी सतत चालणारी देखरेख अंमलात आली.

या कार्यक्रमात परीक्षकाच्या स्वेच्छेला फारसा वाव नाही. प्रत्येक विषयाचे प्रश्न आधीच छापलेले असतात. उत्तर समाधानकारक नसल्यास दोषनिष्कर्ष निघतो आणि संबंधित देशाने दुरुस्तीची योजना सादर करावयाची असते. समाधानकारक उत्तरांचे शेकडा प्रमाण हा त्या देशाचा परिणामकारक अंमलबजावणीचा अंक मानतात. तथापि सर्व प्रश्नांना सारखेच वजन देणाऱ्या अशा अंकातून निकडीचा धोका लपून राहू शकतो. म्हणून २००६ मध्ये ‘गंभीर सुरक्षा चिंता’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. किमान अटी पूर्ण होत नसतानाही देशाने एखाद्या परवानाधारकास परवान्याचे अधिकार वापरू दिले असतील आणि त्यामुळे तात्काळ धोका उत्पन्न होत असेल, तर ही नोंद केली जाते. दोषनिष्कर्षाची कसोटी ‘नियम पाळला काय’ ही होती. तिला ‘धोका केव्हा’ ही दुसरी कसोटी येथे जोडली गेली.

आयोसा : निष्कर्ष आणि निरीक्षण यांची सर्वांत काटेकोर व्याख्या राष्ट्रांनी नव्हे, तर विमान कंपन्यांच्या संघटनेने केली. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाच्या (आयाटाच्या) परिचालन सुरक्षा परीक्षणाची (आयोसाची) अंमलबजावणी २००३ मध्ये सुरू झाली व पुढे ते संघाच्या सभासदत्वाची अट बनले. कंपन्या परस्परांची विमाने व तिकिटे वापरीत असल्याने प्रत्येक कंपनी दुसऱ्या कंपनीचे परीक्षण करी आणि एकाच कंपनीकडे वर्षभरात अनेक पथके येत. ही द्विरुक्ती टाळण्यासाठी सर्वांना मान्य होईल असे एकच परीक्षण हवे होते आणि त्यासाठी एकच परिभाषाही हवी होती.

आयोसाच्या व्याख्येप्रमाणे दोषनिष्कर्ष म्हणजे मानकाशी असलेली विसंगती सांगणारे, पुराव्यावर आधारलेले लेखी विधान. आणि निरीक्षण म्हणजे शिफारस केलेल्या पद्धतीशी असलेली विसंगती सांगणारे, पुराव्यावर आधारलेले लेखी विधान. पुराव्याची अट दोहोंस सारखीच आहे. फरक केवळ मोजपट्टीचा. त्यामुळे ‘पुरावा अपुरा आहे, म्हणून निरीक्षण लिहू’ ही पळवाट या पद्धतीत बंद होते. तरतूद लेखी स्वरूपात असणे आणि तिचा प्रत्यक्ष अंमल असणे, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्याखेरीज पूर्तता मानली जात नाही. दोषनिष्कर्षांची दुरुस्ती मान्य झाल्याशिवाय कंपनीचे नाव नोंदपटावर येत नाही. निरीक्षण मात्र दुरुस्त न करताही नोंदणी मिळू शकते.

याच पद्धतीत या भेदाचा आणखी एक गुण दिसून येतो. तो कायमचा नसतो. सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीविषयीच्या अनेक तरतुदी प्रथम शिफारशी म्हणून दाखल झाल्या आणि कंपन्यांना तयारीस अवधी मिळाल्यावर त्यांची मानके झाली. काल जे निरीक्षण होते, ते कंपनीत काहीही न बदलता आज दोषनिष्कर्ष ठरले, कारण मोजपट्टी बदलली. जाणते व्यवस्थापक निरीक्षणांकडे उद्याच्या नियमांची आगाऊ सूचना म्हणून पाहतात, ते यामुळेच.

यूरोपीय स्तरपद्धती : यूरोपीय संघाच्या नियमांत दोषनिष्कर्षांचेच स्तर पाडलेले आहेत. ज्या नियमभंगामुळे सुरक्षिततेची पातळी खालावते किंवा उड्डाणास गंभीर धोका निर्माण होतो, तो पहिला स्तर. अशा वेळी परवाना ताबडतोब रद्द, स्थगित किंवा मर्यादित करता येतो. ज्यामुळे तसे होण्याचा संभव आहे, तो दुसरा स्तर. त्याच्या दुरुस्तीस प्रारंभी जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदत मिळते. परीक्षकास जागेत प्रवेश नाकारणे आणि खोटी कागदपत्रे देऊन परवाना मिळविणे, यांची गणनाही पहिल्या स्तरात होते. कारण त्यामुळे परीक्षणाचा पायाच नाहीसा होतो. अभिकल्प व उत्पादन यांविषयीच्या नियमांत पूर्वी तिसरा स्तरही होता : ज्यातून पुढे नियमभंग उद्‌भवू शकेल अशी संभाव्य अडचण. २०२१ नंतरच्या दुरुस्त्यांत त्याची जागा निरीक्षणाने घेतली. कामगिरी परिणामकारक नसणे, नियमभंगाची शक्यता असणे किंवा सुधारणेस वाव असणे, या तीन कारणांसाठी निरीक्षण नोंदविता येते. ते लेखी कळवावे लागते आणि संस्थेने त्याचा योग्य तो विचार करावयाचा असतो. एकेकाळी दोषाचा सर्वांत खालचा स्तर असलेली गोष्ट येथे दोषाच्या शिडीवरून उतरवून वेगळी मांडली गेली, हे लक्षणीय आहे.

यूरोपीय विमानतळांवर उतरलेल्या परदेशी विमानांच्या धावत्या तपासणीचा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्यातही किरकोळ, लक्षणीय व गंभीर असे दोषांचे तीन वर्ग असून सर्वसाधारण शेऱ्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. तपासणीस मिळणारा वेळ अल्प आणि विमान पुन्हा उडण्याच्या तयारीत असल्याने तेथे प्रत्येक वर्गाबरोबर करावयाची कारवाईही आधीच ठरलेली असते.

अपघातांचा धडा : ११ मे १९९६ रोजी फ्लॉरिडातील दलदलीत व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान कोसळून ११० जण ठार झाले. सामानकक्षात चुकीच्या पद्धतीने भरलेल्या रासायनिक प्राणवायू-जनित्रांमुळे आग लागली होती. अपघाताच्या तीन महिने आधी, १४ फेब्रुवारी १९९६ रोजी, नियामक प्रशासनाच्याच एका शाखेने या कंपनीविषयीच्या नोंदींचा आढावा घेऊन तिच्या परवान्याची तात्काळ फेरतपासणी विचारात घ्यावी, असे लिहिले होते. ती शिफारस अंमलात आली नाही. सुट्या नोंदी एकेक करून मिटविल्या तरी त्यांची बेरीज काय सांगते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या अपघाताने पुढे आणला. त्यानंतर १९९८ मध्ये अमेरिकन प्रशासनाने सुट्या तपासण्यांऐवजी संपूर्ण व्यवस्थेवर लक्ष ठेवणारी पद्धत स्वीकारली.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसच्या हेलिऑस कंपनीचे बोइंग ७३७ विमान अथेन्सजवळ डोंगरावर आदळून त्यातील सर्व १२१ जण मृत्यू पावले. जमिनीवरील दुरुस्तीनंतर केबिनमधील हवेचा दाब नियंत्रित करणारी कळ हस्तचलित स्थितीत राहून गेली होती. वैमानिकांच्या ते ध्यानात आले नाही आणि प्राणवायूच्या अभावी ते बेशुद्ध झाले. ग्रीक चौकशी मंडळाने तात्कालिक कारणांबरोबर सुप्त कारणेही नोंदविली. कंपनीच्या संघटनेतील, गुणवत्ता-व्यवस्थापनातील व सुरक्षा-संस्कृतीतील उणिवा अनेक परीक्षणांत दीर्घकाळ दोषनिष्कर्ष म्हणून नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांना नियामकाने दिलेला प्रतिसाद अपुरा होता, असे मंडळास आढळले. येथे वर्गीकरण चुकले नव्हते. दोषांना दोष म्हटले होते, ते लिहिलेही होते; पण दोषनिष्कर्षाबरोबर येणारे बंधन प्रत्यक्षात आणले गेले नाही. असा दोषनिष्कर्ष व्यवहारात निरीक्षणच ठरतो.

वर्गीकरणच न करण्याचे उदाहरण ब्रिटनच्या हवाई दलात सापडते. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानात निमरॉड जातीच्या टेहळणी विमानास हवेत आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. या जातीच्या विमानातील धोक्यांचा लेखी आढावा २००१ ते २००५ या काळात घेण्यात आला होता. चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या चौकशी अहवालानुसार त्या आढाव्यात ४० टक्क्यांहून अधिक धोके ‘खुले’ व ३० टक्क्यांहून अधिक ‘अवर्गीकृत’ राहिले होते. तरीही काम पूर्ण झाल्याचे मानण्यात आले. ज्या नोंदीला वर्ग नाही तिला मालक नसतो आणि मुदतही नसते [⟶ विमान अपघात].

भारत : भारत शिकागो कराराचा प्रारंभापासूनचा सहभागी देश आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ही येथील नियामक संस्था असून तिला २०२० च्या कायदादुरुस्तीने वैधानिक दर्जा मिळाला. १९३४ च्या वायुयान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. महासंचालनालयाच्या पद्धतीत दोषनिष्कर्षांचे दोन स्तर असून पहिल्या स्तराच्या दुरुस्तीस अल्प मुदत मिळते.

राष्ट्रीय पातळीवर दोषनिष्कर्षाचे मोल किती असते, याचा अनुभव भारताने २०१२ ते २०१५ या काळात घेतला. डिसेंबर २०१२ मधील परीक्षणात इकाओने भारताबाबत गंभीर सुरक्षा चिंता नोंदविली. ती २०१३ मध्ये दूर झाली. परंतु त्यानंतर झालेल्या अमेरिकन मूल्यमापनात ३१ जानेवारी २०१४ रोजी भारताला दुसऱ्या श्रेणीत टाकण्यात आले. परिणामी भारतीय कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणे सुरू करता येईनात. पहिली श्रेणी ८ एप्रिल २०१५ रोजी परत मिळाली. आक्षेप कोणत्याही एका विमानाविरुद्ध नव्हता. तो देखरेख करणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध होता आणि म्हणून त्याची झळ सर्व कंपन्यांना बसली. नोव्हेंबर २०२२ च्या इकाओ परीक्षणानंतर भारताचा परिणामकारक अंमलबजावणीचा अंक ६९.९५ वरून ८५.६५ वर गेला.

मानक व शिफारस यांतील अंतर किती मूर्त असू शकते, हे धावपट्टीच्या टोकापुढील सुरक्षा-क्षेत्रावरून दिसते. विमान धावपट्टी ओलांडून गेल्यास त्याची हानी कमी व्हावी म्हणून हे क्षेत्र राखतात. मोठ्या धावपट्ट्यांसाठी त्याची लांबी ९० मी. असणे हे मानक आणि २४० मी. असणे ही शिफारस आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे पठारी धावपट्टी ओलांडून विमान दरीत कोसळले व १५८ जण मृत्यू पावले, तेव्हा तेथील सुरक्षा-क्षेत्र ९० मी. होते. लांबीच्या मुद्द्यावर मानकाच्या आधारे तेथे दोषनिष्कर्ष निघाला नसता. निघालेच असते तर निरीक्षण. अपघाताचे मुख्य कारण अस्थिर अवतरण न थांबविणे हे होते, हे खरे. तथापि चूक झाल्यावर ती सावरून घेण्यास किती जमीन शिल्लक राहते, हे त्या दीडशे मीटरांवर अवलंबून होते. दुसऱ्या बाजूने, ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडे येथे २४० मी. क्षेत्र असूनही विमान ते ओलांडून खाली गेले आणि २१ जण मृत्युमुखी पडले. शिफारस पाळणे म्हणजेही सुरक्षिततेची हमी नव्हे.

जुलै २०२५ मध्ये महासंचालनालयाने आठ विमान कंपन्यांच्या परीक्षणांतील एकूण २६३ नोंदी जाहीर केल्या, तेव्हा प्रसिद्धीचा भर कोणत्या कंपनीच्या किती त्रुटी यावर होता. मोठ्या ताफ्याच्या कंपनीत नोंदी अधिक असणे स्वाभाविक असल्याचे नियामकास स्पष्ट करावे लागले. निरनिराळ्या स्तरांच्या नोंदींची बेरीज करून कंपन्यांचा क्रम लावणे म्हणजे रुग्णालयातील सर्दी व हृदयविकार यांची एकत्र गणना करण्यासारखे आहे.

मूल्यमापन : हा भेद दोन बाजूंनी बिघडू शकतो. दोषनिष्कर्षाला निरीक्षणाच्या पातळीवर उतरविण्याचा मोह परीक्षित संस्थेला असतो आणि सलोखा राखण्यासाठी परीक्षकही त्याला वश होतो. संस्थेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या अंतर्गत परीक्षणात हा मोह अधिक प्रबळ असतो, कारण वर्षाअखेर दोषनिष्कर्षांची संख्या कमी दिसावी, अशी सर्वांचीच इच्छा असते. नियम मोडल्याचा पुरावा हाती असताना ‘सुधारणेस वाव आहे’ असे लिहिले की मुदत, मालक आणि फेरतपासणी या तिन्ही गोष्टी एकदम नाहीशा होतात.

याच्या उलट, परीक्षकाला न आवडलेली गोष्ट नियमाचा आधार नसताना दोषनिष्कर्ष म्हणून लिहिली गेली, तर परीक्षकाचे मत हाच नियम होऊन बसतो. मग संस्था नियमाऐवजी परीक्षकाला सांभाळू लागते. कर्मचारी मोकळेपणाने बोलेनासे होतात आणि ज्या बारीक गोष्टी त्यांच्याच तोंडून कळावयाच्या, त्या कळत नाहीत. निरीक्षण हे शिक्षेविना सत्य सांगण्याचे साधन आहे. ते शिक्षेस जोडले की साधनही जाते आणि सत्यही.

यासाठी दोषनिष्कर्ष लिहिताना कोणता नियम, काय आढळले, कोठे व किती प्रमाणात, या तीन गोष्टी नमूद करण्याची प्रथा आहे. नियमाचा अनुच्छेद सांगता आला नाही, तर नोंद दोषनिष्कर्ष नव्हे. आणि अनुच्छेद सांगता येत असेल, तर ती सौजन्यापोटी निरीक्षण करता येत नाही. निरीक्षण लिहितानाही पुरावा द्यावा लागतो, धोका कोणत्या वाटेने येऊ शकेल ते सांगावे लागते आणि पुढील परीक्षणात त्याचे काय झाले ते पाहावे लागते. एकच निरीक्षण लागोपाठच्या परीक्षणांत पुन्हा आढळले, तर ती गोष्ट स्वतःच त्या संस्थेच्या सुरक्षा व्यवस्थापनातील दोषाचा पुरावा होऊ शकते.

सुरक्षा व्यवस्थापनाविषयीचे एकोणिसावे परिशिष्ट नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाल्यापासून केवळ नियमपालनापेक्षा धोका ओळखण्याच्या क्षमतेवर भर वाढला आहे. आयोसानेही अलीकडे धोक्यावर आधारित परीक्षणाकडे वळून व्यवस्थेची परिपक्वता जोखण्यास प्रारंभ केला आहे. त्यामुळे निरीक्षणांचे महत्त्व वाढत असले, तरी दोषनिष्कर्षांचे कमी झालेले नाही. नियम हे बहुधा पूर्वीच्या अपघातांतून तयार झालेले असतात. म्हणून दोषनिष्कर्ष झालेल्या अपघाताची पुनरावृत्ती रोखतो. जो अपघात अद्याप घडलेला नाही, त्याच्यासाठी नियमही नसतो. त्याची चाहूल प्रथम लागते ती निरीक्षणातच.